आठ सेकंदांत दुसरा ड्रायव्हर

बाबांना आमच्या ऑफिसात न्यायची कल्पना माझीच होती, त्यामुळे पुढे जे झालं त्याचा पहिला दोष माझा. मीरा रोडला पूनम सागरजवळ एका छोट्या गेम स्टुडिओत मी ॲनिमेशन करते. आम्ही नऊ जण आहोत, दोन एसींपैकी एकच चालतो, आणि गेली दोन वर्षं आम्ही रणगाड्यांचा एक गेम बनवतोय. आमच्यापैकी एकानेही खरा रणगाडा आतून पाहिलेला नाही. आमचा मुख्य डिझायनर चंदन याने इंटरनेटवर इतकं वाचलंय की त्याच्याशी वाद घालायला गेलं की आपलंच डोकं दुखतं. पण वाचणं वेगळं. आणि इकडे नवघरच्या आमच्या घरात रोज संध्याकाळी पाय धुऊन पेपर वाचत बसणाऱ्या माणसाने आयुष्याची वीस वर्षं रणगाड्यात काढली होती.

गुणवंत सकपाळ. मूळ गाव महाड तालुक्यातलं, जिथे घरटी एक माणूस फौजेत असतो. अठराव्या वर्षी भरती झाले, दफेदार होऊन निवृत्त झाले, आणि आता एका मोठ्या सोसायटीत सिक्युरिटी सुपरवायझर आहेत. गणवेशाला इस्त्री स्वतः करतात, कारण आईची इस्त्री त्यांना पटत नाही. हट्टी आहेत. फौजेतल्या गोष्टी सांगा म्हटलं की बडाखान्यातल्या, म्हणजे फौजी पंगतीतल्या, मटणाबद्दल तासभर बोलतील, बाकी विषय आला की "चला, उशीर झाला" म्हणून उठतील. मी लहानपणापासून समजत होते की त्यांच्याकडे सांगण्यासारखं दुसरं काही नाहीच. वडिलांबद्दल असं समजणं किती सोपं असतं, याची मला आता लाज वाटते.

तर एका शनिवारी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या ऑफिसात आले. चंदनने त्यांना स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि गेम सुरू केला. त्याला सगळ्यात अभिमान होता तो ऑटोलोडरचा. ऑटोलोडर म्हणजे तोफेत गोळा भरणारं यंत्र. जुन्या रणगाड्यात चार माणसं असत, कमांडर, तोफेचा नेम धरणारा गनर, ड्रायव्हर आणि गोळा भरणारा लोडर. बाबा सुरुवातीला लोडरच होते. मग रेजिमेंटला नवे टँक मिळाले, लोडरच्या जागी मशीन आलं, आतली माणसं तीन उरली आणि बाबा गनर झाले.

बाबा पडद्याकडे बघत होते. तोफ उडाली. पायाखालचा गोल पाळणा फिरला, त्यातून आधी गोळा वर आला आणि आत ढकलला गेला, मग मागोमाग बारूद. टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या घुमटाच्या, पाठीमागची छोटी खिडकी उघडली आणि आधीच्या बारुदाचं रिकामं बूड बाहेर फेकलं गेलं.

"हा आवाज बरोबर आहे," बाबा म्हणाले. "कुठून आणला?"

"अंकल, पातेल्याचं झाकण जिन्यावरून फेकलं," चंदन म्हणाला, आणि बाबा खळखळून हसले. मला बरं वाटलं.

मग त्यांनी चुका काढायला सुरुवात केली. भरताना तोफ आपोआप थोडी वर उठून थांबते, तुमची उठत नाही. पाळण्यात गोळे बावीस. ते संपले की बाकीचे इकडेतिकडे ठेवलेले हाताने भरावे लागतात, त्यात घाम निघतो. तुमचं मशीन तिसावा गोळासुद्धा त्याच वेगात भरतंय, ही काय जादू आहे का? आणि माणसांच्या चेहऱ्याखाली ती हिरवी पट्टी कसली?

"क्रूचा परफॉर्मन्स," चंदन म्हणाला. "ट्रेनिंग वाढलं की पट्टी वाढते. लोडर असेल तर तो थकतो, पट्टी कमी होते. ऑटोलोडर थकत नाही. म्हणून आम्ही त्याला जास्त पॉइंट दिलेत."

"मशीन थकत नाही हे खरंय," बाबा म्हणाले. "पण लोडर फक्त गोळा भरत नसे. चाकांवरचा पट्टा तुटला की चौथा हात त्याचा. पहाऱ्याला चौथा तो. कोणाला लागलं तर ओढून काढायला चौथा तो. मशीन गोळा भरतं आणि गप्प बसतं. याचे पॉइंट कापलेत का कुठे?"

चंदनने वहीत काहीतरी लिहिलं. तोवर पडद्यावर समोरून गोळा आला आणि आमच्या टँकला पुढच्या बाजूने लागला. ड्रायव्हरचं चित्र लाल झालं. बाजूला एक गोल फिरू लागला, आठ, सात, सहा. शून्य झालं तसं गनरचं चित्र ड्रायव्हरच्या जागी गेलं आणि टँक पुन्हा पळायला लागला. हे ॲनिमेशन माझं होतं. मी त्यावर तीन आठवडे घालवले होते.

बाबा वाकून पडद्याच्या जवळ गेले. "पहिला ड्रायव्हर कुठे गेला?"

"तो आउट झाला, अंकल."

"ते कळलं. त्याला ठेवला कुठे? त्या जागेत एकच माणूस मावतो. दुसरा बसायचा तर पहिल्याला काढायला नको?"

"गेमप्ले आहे, अंकल. खरं किती वेळ लागतो? तुम्ही सांगा, आपण थोडं वाढवू. पंधरा सेकंद? वीस?"

बाबांनी शर्टाच्या बाह्या खाली करून बटणं लावली, चंदनला "छान काम करताय" म्हणाले, आणि मला न सांगता जिना उतरून गेले.

गेममध्ये आजही आठ सेकंदच आहेत, हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे कुणी त्या आशेने पुढे वाचायला नको.

सोमवारी चंदनने निरोप दिला की गेमसोबत एक छोटी मुलाखत टाकायची आहे. खरा टँकवाला सांगतोय, काय खरं, काय खोटं. ड्रायव्हरचा प्रश्न त्यात हवाच, कारण तो सगळ्यांना आवडेल. मी घरी येऊन बाबांना विचारलं. आई स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होती. बाबा म्हणाले, "मुलाखत देईन. पण तो आकडा विचारला तर खरा सांगेन. आणि खरा सांगायचा तर आधी चेण्याला जायला हवं."

घोडबंदरजवळच्या चेणे गावात आनंदीआत्या राहते. सख्खी आत्या नव्हे. काशीनाथ भोईर म्हणून बाबांच्या टँकचा ड्रायव्हर होता, चेण्याचाच; ती त्याची बायको. मी चार वर्षांची असताना राजस्थानात सरावात तो गेला. बाबा त्याच्या शवपेटीबरोबर गावात आले होते. त्या वर्षापासून दर भाऊबीजेला बाबा तिच्याकडे ओवाळून घ्यायला जातात. पाऊस असो, ताप असो, एकदाही चुकवलेलं नाही. मी, आई, सगळे जातो. तिचा मुलगा साहिल काशीनाथकाका गेल्यानंतर चार महिन्यांनी जन्मला. तो घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात कामाला आहे आणि दिवसभर फोनवर गेम खेळतो. आमचा गेम आला की पहिल्या दिवशी तो मुलाखत बघणार, यात शंकाच नव्हती.

"चेण्याला कशाला?" मी विचारलं.

तेव्हा बाबांनी मला सांगितलं. भाकरी थापायचा आवाजही थांबला, म्हणजे आईसुद्धा पहिल्यांदाच ऐकत होती.

वाळूचा कड खचला आणि टँक तोंडावर खाली गेला. कोणाची चूक नव्हती. काशीनाथच्या छातीला आतून जबर मार बसला. कमांडरचा खांदा मोडला. तो कसाबसा बाहेर पडून मदतीसाठी वर चढला, कारण बाकीचे टँक धुळीत पुढे निघून गेले होते आणि वीज गेल्यामुळे रेडिओ बंद होता. आत उरले गनर, म्हणजे बाबा, आणि ड्रायव्हर. ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण उघडायचं तर त्यावर आलेली तोफ बाजूला घ्यायला हवी होती. वीज नाही, म्हणजे गनरने हाताचं चाक फिरवून पूर्ण टरेट वळवायचा. सपाटीवर हे नुसतं कंटाळवाणं काम. उतारावर टनावारी वजन उलटं ओढत होतं. आतून त्याच्यापर्यंत जायला धड वाट नव्हती. मध्ये मशीनचा पाळणा होता. जुन्या टँकसारखा लोडर असता तर एकाने चाक फिरवलं असतं, दुसऱ्याने झाकणाशी जाऊन पहार लावली असती.

"किती वेळ लागला?"

"सतरा मिनिटं. झाकण उघडलं तेव्हा तो गेलेला होता."

"आणि आत्याला..."

"मी तिला सांगितलं, जागच्या जागी गेला. त्याला काही कळलंच नाही."

मी काय बोलले ते लिहायला मला आवडत नाही, पण लिहिते. मी म्हणाले, "मग कॅमेऱ्यासमोर वीस सेकंद सांगा ना. कोण तपासायला येतंय?"

बाबा रागावले नाहीत. "एकदा खोटं सांगितलं ते तिच्यासाठी," ते म्हणाले. "आता पोरांना गंमत म्हणून सांगू? त्यापेक्षा मुलाखतच नको, हे मी म्हणू शकतो. पण पोरी, त्या दिवशी तुझ्या पडद्यावर तो आठ सेकंदांत गायब झाला ना, तेव्हा मला कळलं की मीही त्याचं तेच केलंय."

मी ताट घेतलं आणि जेवले.

रविवारी आम्ही दोघं चेण्याला गेलो. भाऊबीजेला अजून तीन महिने होते, त्यामुळे बाबांना दारात बघूनच आत्याचा चेहरा उतरला. ती ओटीवर अळूच्या पानांच्या शिरा काढत बसली होती. साहिल कामावर गेला होता.

"काय झालं, दादा? वहिनी बरी हाय ना?"

"सगळे बरे आहेत," बाबा म्हणाले. ते खुर्चीवर बसले नाहीत. ओटीच्या पायरीवर, तिच्यापेक्षा एक पायरी खाली बसले. "आनंदी, मी तुला काशीबद्दल खोटं सांगितलं होतं."

आणि त्यांनी सांगितलं. ड्युटीचा रिपोर्ट द्यावा तसं, कुठे थांबले नाहीत. सतरा मिनिटं हा आकडा दोनदा सांगितला. मी आत्याकडे बघायचं टाळत अंगणातल्या नळाकडे बघत होते. मला वाटत होतं, ती रडेल. नाहीतर म्हणेल, जाऊ दे दादा, तू तरी काय करणार होतास. वाईट बातमी ऐकणाऱ्या बायका असंच म्हणतात असा माझा समज होता.

आत्याने सुरी खाली ठेवली. "म्हंजे तो जिता व्हता."

"हो."

"बोलत व्हता?"

"बराच वेळ बोलत होता. इंजिन बंद होतं, सगळं ऐकू येत होतं."

"आनि तू मना तेवीस वर्सं सांगितलं न्हाय." तिचा आवाज चढला. "मी दर भाऊबीजेला तुला ओवाळलं, दादा. दर वर्साला ताटात दिवा लावताना मना वाटायचं, इचारू का, जाताना त्याला माझी याद आली का. पन तू बोललास की त्याला टायमच भेटला न्हाय. मी गप बसले. ज्याला टायम न्हाय भेटला त्याच्यावर रुसनार कशी? ती सतरा मिन्टं माझी व्हती. तू ठेवून घेतलीस."

बाबांनी मान खाली घातली. माझ्या वडिलांना मी आयुष्यात पहिल्यांदा इतकं लहान झालेलं बघितलं, आणि मला आत्याचा राग आला. मी बोलणारच होते, "अहो आत्या, त्यांनी तुमच्या भल्यासाठीच..." पण तिने माझ्याकडे असं बघितलं की मी गिळून टाकलं. बरं झालं. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

"त्यानेच सांगितलं होतं," बाबा शेवटी म्हणाले.

"काय सांगितलं व्हतं?"

"तो म्हणाला, 'गुणा, आनंदीला काय कळवू नको.' मी म्हटलं, नाही कळवत. शब्द दिला. मग मी कसा मोडणार?"

आत्या पुढे झुकली. "तेवढाच बोलला? फुडं काय बोलला?"

बाबा आठवू लागले. मला दिसलं की ते वाक्य त्यांनी इतकी वर्षं तेवढंच जपून ठेवलं होतं, पुढचं बाजूला टाकून. "म्हणाला, 'आनंदीला काय कळवू नको, तिला पाचवा चाललाय, घाबरंल. आठवड्यान बरा व्हईन, मंग मीच लिवतो.'"

आत्याने दोन्ही हात तोंडावर धरले. आधी मला वाटलं, ती हुंदके देतेय. मग तिने हात काढले आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला हसू म्हणता येणार नाही, पण दुःखही नव्हतं.

"अरे दादा," ती म्हणाली. "तो जित्या मानसाचा बोलना हाय. मरनाऱ्याचा न्हाय. आठवडाभर सांगू नको बोलला तो तुला. तू तेवीस वर्सं धरून बसलास?"

फौजेत दिलेला हुकूम रद्द करायला हुकूम देणाराच लागतो. काशीनाथ गेला आणि आठवड्याचा हुकूम तसाच राहिला. बाबांनी तो वरिष्ठांचा असावा तसा पाळला. आमच्या घरात या गोष्टीला हट्टीपणा म्हणतात. त्यांच्यासारख्यांना दुसरं काही येतच नाही, हे मला त्या ओटीवर उभं असताना समजलं.

"त्याला वाटत व्हतं, तो येनार," आत्या म्हणाली. बाबांना नव्हे, स्वतःलाच. "शेवटपर्यंत वाटत व्हतं?"

"हो. मला पण वाटत होतं."

"मंग सांग. सगळा सांग. पयल्यापासून."

बाबांनी सांगितलं. पहिल्यांदा काशीनाथने शिवी दिली, टँकला. मग विचारलं, कमांडरसाहेब बरे आहेत का. मग म्हणाला, पाय जड झालाय. पाणी मागितलं, बाबांनी बाटली फटीतून सोडायचा प्रयत्न केला, ती अडकली. मग म्हणाला, चाक हळू का फिरवतोस, सासऱ्याचं आहे का? मग आनंदीचं. मग पोराचं नाव काय ठेवायचं यावर बोलला, मुलगी झाली तर आरोही ठेवायचं होतं, मुलाचं ठरलं नव्हतं. मग थोडा वेळ गप्प. मग विचारलं, "गुणा, हायस ना?" बाबा म्हणाले, आहे. हे त्याने तीनदा विचारलं.

"मंग?"

"मग विचारलं नाही. मला वाटलं, झोप लागली असेल. मी बोलत राहिलो. 'झालंच काशी, झालंच,' असं म्हणत चाक फिरवत होतो. किती वेळ मी एकटाच बोलत होतो ते मला ठाऊक नाही."

बाबा रडत होते. आवाज न करता, सरळ बसून, हात गुडघ्यांवर. मी जाऊन त्यांच्याजवळ बसावं असं मला फार वाटलं, पण ती जागा माझी नव्हती. आत्या एक पायरी उतरली आणि त्यांच्या शेजारी बसली.

समोरच्या रस्त्यावरून सहलीला आलेल्यांच्या गाड्या जात होत्या. मग आत्या आत गेली, तांब्याभर पाणी घेऊन आली आणि तिने ते बाबांच्या हातात दिलं.

"मुलाखत दे," ती म्हणाली. "साहिलला मी सांगते. त्याचा बाप बाटली मागत व्हता, मस्करी करत व्हता, हे त्याला म्हाइती पायजे. आनि आता पुन्ना सांग, दादा."

"सगळं?"

"सगळा. हळू सांग. मघाशी तू लय घाईन सांगितलंस."

बाबा पाणी प्यायले, त्यांनी तोंड पुसलं, आणि पहिल्या मिनिटापासून पुन्हा सुरुवात केली.